पुराला जात नसते, गावाच्या नकाशाला असते

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तहसील कचेरीत बैठक होते. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांना बोलावलं जातं. गावात धोका कुठे आहे, पाणी चढलं तर माणसं कुठे हलवायची, शाळेची चावी कोणाकडे असते, पोहणारे किती, ट्रॅक्टर किती, अशी माहिती घेतली जाते. त्यातून आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार होतो आणि त्याच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की हा आराखडा स्थानिकांशी चर्चा करून बनवला आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे, हे स्थानिक कोण?

असा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं. "संकटात कसली जात काढता? पुराला काय जात असते?" बरोबर आहे. पुराला जात नसते. पण पूर ज्या गावात शिरतो त्या गावाच्या नकाशाला जात असते. गावठाण उंचावर आणि आपली वस्ती ओढ्याच्या काठाला, गायरानात, नाहीतर डोंगराच्या उतारावर. पुष्कळ गावांत हे असंच आहे आणि ते योगायोगाने झालेलं नाही. गावकुसाबाहेर ढकललेल्या माणसांना जी जमीन उरली तिथे त्यांनी घरं बांधली. म्हणून पाणी सगळ्यांचं असलं तरी ते आधी कोणाच्या दारात येणार हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे.

म्हणूनच आपत्तीचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे. किती माणसं मेली आणि सरकारने किती मदत दिली एवढाच तो इतिहास नाही. संकटाआधी आणि संकटानंतर सरकारने कोणाला विचारलं, हा त्याचा खरा गाभा आहे.

निरोप्या आम्ही, पण विचारणा दुसऱ्याला

जुन्या गावगाड्यात संकटाची खबर देणारी यंत्रणा कोणती होती? महार. रात्रीची राखण महाराने करायची. दवंडी त्याने द्यायची. कोणी मेलं तर परगावच्या नातेवाइकांना निरोप सांगायला उन्हापावसात त्याने पळायचं. सरकारी माणूस आला की त्याला वाट दाखवायची, सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा. गावाच्या शिवेचा वाद निघाला तर शीव कुठून जाते हे महाराला विचारायचं, कारण ती त्याच्या पायाखालची होती. मेलेली जनावरं ओढून गावाला रोगराईपासून दूर ठेवायचं कामही त्याचंच.

आजच्या भाषेत सांगायचं तर धोक्याची पूर्वसूचना, दळणवळण, सर्वेक्षण आणि सार्वजनिक आरोग्य ही चारही खाती एकाच वस्तीच्या डोक्यावर होती. गावाची इंच न् इंच माहिती ज्याच्याकडे, तोच चावडीच्या पायरीखाली उभा. त्याच्याकडून निरोप घ्यायचा, पण निर्णय घेताना त्याला विचारायचं नाही, अशी ही व्यवस्था होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते या राबवून घेण्याच्या विरोधात. वतनं कायद्याने गेली. पण आमच्याकडून काम घ्यायचं आणि आमचं मत घ्यायचं नाही, ही सवय वतनांबरोबर गेली नाही.

दुष्काळात सत्यशोधक, प्लेगात सावित्रीबाई

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. इंग्रज सरकारला गावाची माहिती मिळायची ती पाटील-कुलकर्ण्यांकडून. कुलकर्णी ही माहिती कशी वापरतो आणि अडाणी शेतकऱ्याला कागदात कसा अडकवतो, हे जोतीराव फुल्यांनी आयुष्यभर सांगितलं. म्हणजे मदतीच्या दाराशी जो उभा होता, त्याच्याचविषयी रयतेची तक्रार होती.

या काळात सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते जुन्नरच्या भागात फिरत होते. एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. माणसं-जनावरं अन्नपाण्यावाचून मरत आहेत, लोक गाव सोडून चालले आहेत, सावकार संधी साधत आहेत, हे सगळं त्या पत्रात आहे. सत्यशोधकांना अटक झाल्यावर सावित्रीबाई कलेक्टरशी बोलल्या. त्या बोलण्यानंतर कलेक्टरने कार्यकर्त्यांना सोडलं आणि ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या, असं त्या लिहितात. त्याच वर्षी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू झाला आणि दुष्काळात सापडलेल्या मुलांच्या जेवणाची सोय झाली.

या घटनेकडे दयाधर्म म्हणून पाहू नका. एका कलेक्टराला त्या दिवशी कळलं की गावाची खरी गरज कुलकर्ण्याच्या कागदात नाही, ती या बाईला ठाऊक आहे. आज ज्याला स्थानिक भागीदार म्हणतात तो हाच. पण सावित्रीबाईंना कोणी बैठकीला बोलावलं नव्हतं. आधी त्यांच्या माणसांना पकडण्यात आलं आणि मगच त्यांचं ऐकलं गेलं.

वीस वर्षांनी प्लेग आला. १८९७ साली पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सैनिक घराघरांत घुसवले. माणसांना न विचारता तपासण्या, सामानाची फेकाफेक, सक्तीने छावण्यांत रवानगी. लोक आजारी माणूस लपवू लागले. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि इतिहासाच्या पुस्तकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. त्याच वर्षी हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगने आजारी पडलेलं पोर, पांडुरंग बाबाजी गायकवाड, सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्या कामात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

एकाच शहरात, एकाच साथीत, दोन पद्धती समोरासमोर होत्या. एकीत सत्ता होती, सैन्य होतं, पैसा होता, पण लोकांचा विश्वास नव्हता. दुसरीत फक्त विश्वास होता. सावित्रीबाई महारवाड्यात गेल्या तेव्हा कोणी पोर लपवलं नाही. साथ आटोक्यात आणायला दोन्ही एकत्र लागतात, हे सरकारला तेव्हा कळलं नाही. आजही ते पूर्ण कळलं आहे असं आम्हाला वाटत नाही.

१९७२ : विहीर कोरडी, जात ओली

स्वातंत्र्यानंतरचं उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्याचं श्रेय वि. स. पागे यांना दिलं जातं आणि ते योग्यच आहे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या लाखो भूमिहीन हातांचं श्रेयही त्यात आहे, ते मात्र कोणी देत नाही.

पण दुष्काळात माणसाला काम लागतं तसं पाणी लागतं, आणि पाण्याच्या बाबतीत गाव गावच राहिलं. त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यावरून बौद्ध स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. त्याच साली इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात आपल्या लोकांवर सामाजिक बहिष्कार पडला. त्याच साली दलित पँथर जन्माला आली. या तीन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. सरकारच्या कागदावर गावात एक विहीर चालू आहे अशी नोंद असेल, पण ती विहीर कोणासाठी चालू आहे हे वस्तीला विचारल्याशिवाय कळत नाही.

किल्लारी : घराचं माप जमिनीवरून

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायचे होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेतच गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसं मेली. दगड आणि माती रचून केलेल्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड धाबं, ही तिथली घरं. ज्या भिंतींचा अभिमान होता त्यांनीच माणसं मारली. कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरात राहणाऱ्यांवर निदान दगडाचा ढीग कोसळला नाही.

निसर्गाने एका रात्रीत वाडा आणि झोपडी यांचा हिशेब उलटा केला. पुनर्वसनाने तो पुन्हा सुलटा केला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यात कोणाला किती घर मिळणार हे कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि सात हेक्टरच्या वर असणाऱ्याला ७५०.

घरात माणसं किती, म्हातारी किती, लेकरं किती, हा हिशेब त्या तीन आकड्यांत कुठे आहे? भूकंपाने ज्याचं घर पाडलं त्याची गरज मोजायची की त्याचा सातबारा? मराठवाड्यात भूमिहीन कोण आहे हे सांगायला अभ्यासक लागत नाही. जातीचं नाव न घेता जातीप्रमाणे घरं वाटता येतात, ती अशी. एका मापाची घरं जिथे एकत्र बांधली गेली तिथे जुनी वस्ती नव्या सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली. यात कोणा एका अधिकाऱ्याची दुष्ट बुद्धी होती असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो की ही मापं ठरली त्या टेबलावर २५० फुटांत राहणार होता तो माणूस नव्हता.

पण किल्लारीचा दुसरा धडाही आहे, आणि तो आपण प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जी गावं हलवायची नव्हती तिथे दोन लाखांच्या घरात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. इथे ठेकेदाराने घर बांधून देण्याची पद्धत सोडली गेली. पैसे हप्त्याने घरमालकाला, आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचं. पण गवंडी भिंतीत नीट बांधणी घालतोय का, हप्ता कधी मिळणार, कागद कोणते लागणार, हे सांगायचं कोणी? स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने हजाराहून जास्त गावांत बचतगटाच्या आणि महिला मंडळाच्या बाया पुढे आल्या. त्यांना 'संवाद सहायक' असं नाव मिळालं. सरकारचं म्हणणं घराघरांत न्यायचं आणि घराघरांतली अडचण सरकारपर्यंत आणायची, हे त्यांचं काम.

हे का चाललं? कारण ती बाई त्याच गावची होती. ती शिकून-सवरून बाहेरून आलेली नव्हती. तिच्याकडे ठरलेलं काम होतं, आणि इंजिनियरला तिचं ऐकणं भाग होतं. सावित्रीबाईंकडे यातली पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. त्यांना कलेक्टरशी भांडून ऐकवावं लागलं. १८७७ आणि १९९३ यांच्यात पडलेला फरक हाच. आणि तो फरक पडू शकतो, हे किल्लारीने सिद्ध केलं.

मोजणीत नसलेली माणसं

हे फक्त महाराष्ट्रात घडतं असं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूचा नागपट्टिणम जिल्हा उद्ध्वस्त झाला. मदतीसाठी बोटी आणि जाळी मोजली गेली, आणि ती मोजायलाच हवी होती. पण किनाऱ्यावर मासळी वाहणारे, खाऱ्या पाण्याने नापीक झालेल्या शेतांत मजुरी करणारे दलित, यांच्याकडे बुडायला बोटच नव्हती. ज्याची बोट बुडाली तो आपत्तीग्रस्त. ज्याची मजुरी बुडाली त्याच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. सडलेली प्रेतं उचलायला मात्र नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले. ते कोणत्या समाजाचे हे सांगायची गरज नाही. जुनंच गणित. काम आमच्याकडून, मोजणी दुसऱ्याची.

आपल्या सह्याद्रीत आदिवासी बांधवांचं काय झालं? ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली. जगाला पहिली खबर कळली ती एसटीच्या चालकामुळे, कारण नेहमीच्या वाटेवर त्याला गावच दिसलं नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. ठाकरांची वाडी, पायी चढून जायची वाट. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच सांगितलं. यादी करणाऱ्यांकडे उपग्रहाची छायाचित्रं होती, भूगर्भशास्त्रज्ञ होते. पण डोंगरावर नवी भेग कुठे पडली, झऱ्याचं पाणी कधी गढूळ झालं, हे रोज त्या वाटेने लाकूडफाट्याला जाणाऱ्या माणसाला आधी दिसतं. शास्त्रज्ञ हवाच. पण त्या माणसाला विचारल्याशिवाय केलेली यादी अर्धीच असते.

बाबासाहेबांचा इशारा आणि कायद्यातली फट

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामराज्याच्या गोडव्यावर कठोर टीका केली आणि गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याचं समर्थन केलं. पुष्कळांना ती टीका आजही झोंबते. आपत्तीच्या नियोजनात तिचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. 'गावाला विचारलं' म्हणजे 'सगळ्यांना विचारलं' असं होत नाही. गाव एका आवाजात बोलतं तेव्हा तो आवाज कोणाचा हे आपल्याला माहीत आहे.

आता कायदा पाहा. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्याच्या कलम ६१ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असलं पाहिजे. पण ते नीट वाचा. भेदभावाला बंदी आहे ती मदत देताना, म्हणजे घर वाहून गेल्यावर. घर वाहून जाऊ नये यासाठी जो जिल्हा आराखडा बनतो त्याचं कलम ३१. त्यात जिल्हा प्राधिकरणाने स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करावा असं आहे. स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका. वस्तीशी विचारविनिमय करा असं तिथे लिहिलेलं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन योजनेच्या २०१९ च्या आवृत्तीत सामाजिक समावेशनावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींचा उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीच्या कागदावर आपण आलो आहोत. तालुक्याच्या बैठकीत अजून पोचलो नाही.

ही फट सरकार आपण होऊन बुजवील याची वाट पाहायची का? आमचं मत स्पष्ट आहे. नाही.

चौदा एप्रिल ते एक मे

आपल्याकडे तयार स्थानिक भागीदार आहे. त्याचं नाव जयंती समिती. वर्गणीसाठी प्रत्येक दारात कोण जातं? कोणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, कोण ऊसतोडीला गेलं, कोणती सून बाळंतपणाला आली आहे, हे कोणाला माहीत असतं? तलाठ्याच्या दप्तरात ही माहिती नाही. ती जयंतीच्या पोरांच्या तोंडावर असते.

चौदा एप्रिलनंतर सतरा दिवसांनी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असते, आणि त्यानंतर महिन्याभरात पाऊस. या सतरा दिवसांत एक वही करा. गेल्या पुरात पाणी कोणत्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, ते जुन्या माणसांना विचारून लिहा. उचलून न्यावं लागेल अशी माणसं कोण. रात्री लाइट गेली तर वस्तीतून बाहेर पडायची वाट कोणती आणि ती कोणाच्या बांधावरून जाते. ती वाट पावसाळ्यात कोणी अडवतं का. निवारा कुठे नेमला आहे? तो देवळाचा सभामंडप असेल तर आपल्या बायांना तिथे चूल मांडू देतील का? नसेल तर शाळा किंवा विहार निवारा म्हणून लिहून घ्या आणि चावी कोणाकडे राहील तेही लिहून घ्या. पाणी दूषित झालं तर कोणत्या विहिरीवर जायचं आणि तिथे जाताना अडवलं जाईल का. सार्वजनिक पाणवठ्यावर अडवणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मग ती वही ग्रामसभेत वाचा. ठरावात नोंद घ्यायला लावा, नक्कल घ्या, तहसीलदाराला द्या आणि पोच घ्या. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या सदस्याला मान्सूनच्या बैठकीला पाठवा. त्याला निरोप मिळत नसेल तर लेखी विचारा. उद्या काही घडलं आणि कोणी म्हणालं की 'आम्हाला कल्पना नव्हती', तर ती पोच आपल्या हातात असेल.

आणि शेवटी आपल्यालाच एक प्रश्न. आम्ही गावाला विचारतो की तुमच्या बैठकीत आमची वस्ती का नाही. मग आमच्या समितीत बाई किती? शेजारच्या मांगवाड्यातलं घर आमच्या वहीत आहे का? गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या पारध्याच्या पोरांची नावं कोणी लिहिली? 'आपली वस्ती' म्हणताना आपणही कोणाला तरी बाहेर ठेवत असू, तर आपण आणि तो चावडीवरचा पाटील यांच्यात फरक काय राहिला? सावित्रीबाईंनी पोर पाठीवर घेताना ते कोणाचं हे पाहिलं नव्हतं.

शेकडो वर्षं आपण गावासाठी धावलो आणि दवंडी पिटली. आता आपल्या वस्तीची माहिती आपणच लिहू, आणि ती घेऊन चावडीच्या पायरीखाली उभे न राहता बैठकीच्या टेबलावर बसू. येत्या जयंतीला मिरवणुकीचा हिशेब करताना एक वही जास्तीची घ्या.

जय भीम!